लांब पल्ल्याच्या सायकल सरावासाठी मार्ग कसा आखावा

लांब पल्ल्याच्या सरावासाठी मार्ग ठरवताना बहुतेक सायकलस्वार आधी एखादे ठिकाण निवडतात, मग तिथवरचे अंतर मोजतात आणि चढ किती आहे, वारा कुठून आहे, पाणी कुठे मिळेल हे निघण्याच्या आदल्या रात्री पाहतात. क्रम नेमका उलटा हवा. त्या दिवशी शरीराकडून कोणते काम करून घ्यायचे आहे हे आधी ठरवावे, त्याला किती तास लागतील हे त्यानंतर पाहावे आणि ठिकाणाचे नाव सर्वांत शेवटी घ्यावे. हा क्रम चुकला तरी राइड पूर्ण होते, अंतरही भरते, पण सराव झालेला नसतो: चढावर ठरवल्यापेक्षा जास्त जोर लागलेला असतो, सिग्नलवर आणि उतारावर पाय थांबलेले असतात आणि परतीचे शेवटचे ४० किमी कसेबसे रेटलेले असतात.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. एखाद्या टप्प्यामुळे आधीचा निर्णय चुकीचा ठरला तर मागे जाऊन तो बदलावा. नकाशावर एकदा रेघ ओढली की ती पुसायला मन सहसा तयार होत नाही, म्हणून पाचव्या टप्प्याआधी नकाशा उघडूच नये.

## १. सरावाचा हेतू एका वाक्यात लिहावा

"लांब राइड" हा हेतू होत नाही. "पाच तास, मध्यम श्वासावर, न थांबता पेडल मारणे" हा हेतू आहे. "प्रत्येकी पंधरा मिनिटांचे चार चढ" हाही हेतू आहे. दोन्हींना लागणारे रस्ते वेगळे असतात.

दमश्वास वाढवण्याच्या सरावात पेडल सतत फिरत राहणे महत्त्वाचे असते, आणि त्यासाठी सलग मोठा घाट नेहमीच योग्य ठरत नाही. समजा, दहा किमीचा घाट ताशी १० किमी वेगाने चढला आणि ताशी ४० किमी वेगाने उतरला. एक तास चढण्याचे काम झाले आणि पंधरा मिनिटे पाय जवळपास स्थिर राहिले. त्याऐवजी हलक्या चढउतारांचा रस्ता घेतला, तर त्या पंधरा मिनिटांतही बहुतांश वेळ पेडल फिरते. म्हणून अशा दिवसासाठी सपाट किंवा किंचित वरखाली होणारा, कमी चौकांचा रस्ता उत्तम. चढांच्या सरावासाठी मात्र दहा ते वीस मिनिटे टिकणारा, मध्ये गाव किंवा वळणाचा चौक नसलेला एकच चढ पुन्हा पुन्हा घ्यावा. पाच वेगवेगळे चढ जोडून मोठा मार्ग करण्याचा मोह टाळावा.

तिसरा हेतू म्हणजे एखाद्या स्पर्धेची किंवा ब्रेव्हेची (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची) पूर्वतयारी. येथे अंतरापेक्षा प्रमाण जुळवावे. मुख्य राइड २०० किमीची असून तिच्यात २४०० मीटर चढ असेल, तर दर किमीला १२ मीटर चढ पडतो. १०० किमीच्या सरावात साधारण १२०० मीटर चढ आला पाहिजे. ब्रेव्हेसाठी ठरलेली मुदतही लक्षात घ्यावी: २०० किमीला साडेतेरा तास, ३०० किमीला २० तास, ४०० किमीला २७ तास आणि ६०० किमीला ४० तास. ३०० किमीपासून पुढे अंधारात सायकल चालवणे बहुतेकांना चुकत नाही, त्यामुळे सरावाच्या काही मार्गांत अंधाराचे एकदोन तास मुद्दाम ठेवावेत, आणि ते ओळखीच्याच रस्त्यावर.

तपासा: हेतूच्या वाक्यात ठिकाणाचे नाव आले असेल तर ते वाक्य पुन्हा लिहावे.

## २. अंतर नव्हे, तास मोजावेत

शरीराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला किती वेळ काम केले ते कळते. सपाट रस्त्यावरचे १५० किमी आणि डोंगरातले १५० किमी यांत सहज अडीच-तीन तासांचा फरक पडू शकतो. म्हणून आधी तास ठरवावेत आणि मग अंतर काढावे.

अंतर काढताना सरासरी वेग स्वतःच्या जुन्या नोंदींमधून घ्यावा, आणि तोही तितक्याच चढाच्या राइडचा. गटात, एकमेकांच्या मागे राहून मिळालेला वेग एकट्याच्या राइडला लावू नये. आखणीत होणाऱ्या चुकांपैकी ही सर्वांत सामान्य चूक आहे. दुसरी चूक म्हणजे सायकल चालती असतानाचा वेग आणि घरातून निघून घरी पोहोचेपर्यंतचा वेग यांची सरमिसळ करणे. ताशी २५ किमीने १५० किमीला सहा तास लागतात. त्यात पंधरा मिनिटांचे दोन थांबे आणि किरकोळ थांब्यांची वीस मिनिटे धरली की एकूण वेळ पावणेसात तासांच्या पुढे जातो; एका पंक्चरसाठी राखीव अर्धा तास जोडला की सुमारे सात तास वीस मिनिटे. घरी सांगायची वेळ ही, सहा तास नव्हे.

गेल्या काही आठवड्यांतील सर्वांत लांब राइडपेक्षा नवी राइड वेळेने दहा ते वीस टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा ढोबळ ठोकताळा आहे. नवा मार्ग, जास्त चढ आणि जास्त वेळ या तीन गोष्टी एकाच दिवशी वाढवू नयेत.

## ३. वारा, ऊन आणि उजेड पाहून दिशा ठरवावी

हवेचा अडथळा सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किमीने जाणाऱ्या सायकलस्वाराला ताशी १५ किमीचा वारा समोरून लागला, तर तोच वेग टिकवण्यासाठी त्याला शांत हवेच्या सव्वादोन पट अडथळ्याशी झगडावे लागते. परतताना पाठचा वारा हा तोटा भरून देईल असे वाटते. तसे होत नाही. जाताना ५० किमी ताशी २० ने आणि येताना ५० किमी ताशी ३० ने कापले, तर सरासरी २५ नव्हे, २४ येते, कारण मंद वेगात जास्त वेळ गेलेला असतो.

सामान्य नियम असा की पाय ताजे असताना वाऱ्याच्या तोंडावर निघावे आणि वाऱ्यासोबत परतावे. मात्र हा नियम निघतानाच्या वाऱ्यावर नव्हे, परतीच्या वेळच्या वाऱ्यावर बेतावा. पहाटे वारा बहुधा पडलेला असतो आणि ऊन चढेल तसा वाढतो. किनाऱ्यालगत दुपारी तो समुद्राकडून जमिनीकडे वाहू लागतो. पहाटेच्या मंद वाऱ्याकडे पाहून दिशा ठरवली, तर दुपारचा जोरकस वारा नेमका तोंडावर येऊ शकतो. म्हणून हवामानाचा दर तासाचा अंदाज उघडून, राइडच्या दुसऱ्या अर्ध्या भागातील तासांची दिशा आणि वेग वहीत लिहून घ्यावेत.

उजेडाचा विचार सहसा फक्त दिवा लावण्यापुरता होतो, पण क्षितिजालगतचा सूर्य अंधाराहून फसवा असतो. सकाळी पूर्वेकडे किंवा संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना आपल्याला मागून गाठणाऱ्या गाडीच्या चालकाच्याही डोळ्यांवर तोच सूर्य असतो, आणि त्याला पुढची सायकल दिसत नाही. सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात वाहत्या रस्त्यावर या दिशा टाळाव्यात, किंवा तेवढा भाग कमी रहदारीच्या रस्त्यावर ठेवावा.

सावध: आडवा वारा सपाट रस्त्यावर केवळ त्रास देतो; लांब पुलावर, खिंडीच्या तोंडाशी आणि मोठ्या ट्रकच्या आडून बाहेर पडताना तो सायकल फूटभर बाजूला ढकलू शकतो. वारा जोराचा असलेल्या दिवशी असा पूल मार्गात ठेवू नये.

## ४. मार्गाचा आकार निवडावा

एकच मोठा वेढा दिसायला सर्वांत आकर्षक असतो, आणि नेमका म्हणूनच तो गरजेपेक्षा जास्त वेळा निवडला जातो. त्याचा दोष असा की थकवा सुरू होण्याच्या सुमारास सायकलस्वार घरापासून सर्वांत दूर असतो आणि पुढचा अर्धा रस्ता त्याने पाहिलेला नसतो.

जाऊन त्याच रस्त्याने परत येणे कंटाळवाणे मानले जाते, पण सरावासाठी मी या आकाराला वरचे स्थान देईन. जाताना खड्डे, गतिरोधक, कुत्री आणि पाण्याचे नळ सगळे दिसून जातात. परतीला अनपेक्षित काही उरत नाही. येथे वळण्याची जागा अंतराने न ठरवता वेळेने ठरवावी. वारा पाठीशी असताना निघावे लागलेच, तर निम्म्या वेळेच्या बऱ्याच आधी वळावे.

घराला जोडलेले दोन वेढे, म्हणजे ७० किमीचा एक आणि ५० किमीचा दुसरा, हा नवे अंतर प्रथमच गाठणाऱ्यासाठी सर्वांत शहाणा आकार आहे. मध्ये बाटल्या भरता येतात, ओले कपडे बदलता येतात, आणि दुसरा वेढा सोडायचा झाला तर कुणाला फोन करावा लागत नाही. हीच सोय काहींना नडते: दाराशी आल्यावर पुन्हा निघवत नाही. त्यांनी दोन्ही वेढे घराऐवजी घरापासून काही अंतरावरच्या चौकात जोडावेत.

आठ-दहा किमीच्या फेऱ्या वारंवार घेणे ठरावीक जोराच्या सरावाला ठीक. लांब पल्ल्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

## ५. आता नकाशा: कोणता रस्ता घ्यावा

येथे चार गोष्टी पाहाव्यात: त्या वेळची जड वाहतूक, रस्त्याच्या कडेला सायकल चालवण्याजोगी पट्टी, चौकांची संख्या आणि पृष्ठभाग. अरुंद रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता असे नाही. ज्या अरुंद रस्त्यावरून खाणीचे किंवा बांधकामाचे डंपर धावतात, त्यापेक्षा रुंद कडेची पट्टी असलेला मोठा रस्ता बरा. द्रुतगती मार्गांवर अनेक ठिकाणी सायकलला मनाई असते, त्यामुळे असा भाग मार्गात येत असेल तर नियम आधी पाहून घ्यावा.

स्ट्राव्हासारख्या ॲपच्या हीटमॅपवर लोक कुठून सायकल चालवतात ते ठळक दिसते. तो जरूर पाहावा, पण त्याच्याकडून नको ते उत्तर मागू नये. कुठून जातात हे तो सांगतो; कोणत्या दिवशी, किती वाजता जातात हे त्यावरून नीट कळत नाही. सुटीच्या दिवशी पहाटे सायकलींनी भरलेला रस्ता कामाच्या दिवशी संध्याकाळी चालवण्याजोगा नसतो. शिवाय जाड टायरच्या सायकलींच्या नोंदीही त्याच रेषेत मिसळलेल्या असू शकतात, त्यामुळे ठळक रेषेखाली खडी निघण्याची शक्यता राहते.

पृष्ठभागासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर) आधारलेल्या नकाशांत रस्त्याचा प्रकार नोंदलेला असतो, पण अनेक रस्त्यांपुढे ती नोंदच नसते, आणि नोंद नाही याचा अर्थ डांबर आहे असा होत नाही. शंकास्पद तुकडा उपग्रह चित्रात जवळ आणून पाहावा: डांबराची कड सरळ आणि सावळी दिसते, कच्च्या रस्त्याची कड फिकट असून ती शेतात किंवा मातीत विरते. रस्त्यावरून घेतलेली छायाचित्रे उपलब्ध असतील तर ती केव्हा घेतली आहेत ते आधी वाचावे.

वेढ्याची दिशा हा भाग बहुतेक जण सोडून देतात. एकच वेढा दोन्ही बाजूंनी तपासून पाहावा. ज्या दिशेने जाताना समोरच्या रहदारीला छेदून घ्यावी लागणारी वळणे कमी येतात ती दिशा चांगली. घाटाची एक बाजू तीव्र आणि दुसरी सौम्य असेल, तर तीव्र बाजूने चढावे आणि सौम्य बाजूने उतरावे. ओलसर सावलीतली तीव्र वळणे उतारावर आली तर ब्रेकवर हात ठेवूनच सगळा उतार संपतो. रेल्वेचे रूळ तिरपे ओलांडावे लागतात का, तेही पाहावे. रुळाच्या फटीत चाक अडकून पडणे हा अनुभवी सायकलस्वारांनाही होणारा अपघात आहे. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडता आले पाहिजेत.

तपासा: घरापासूनचे पहिले दहा आणि शेवटचे दहा किमी वेगळे पाहावेत. शेवटच्या दहा किमीत घरी पोहोचण्याच्या वेळची गर्दी धरावी, निघण्याच्या वेळची नव्हे.

## ६. चढाचा आलेख वाचावा

एकूण चढाचा आकडा प्रत्येक ॲपमध्ये वेगळा येतो, कारण उंचीची माहिती आणि ती गुळगुळीत करण्याची पद्धत वेगळी असते. म्हणून तुलना करताना नेहमी एकच ॲप वापरावे. ढोबळमानाने १०० किमीत ५०० मीटरपेक्षा कमी चढ म्हणजे सपाट, १००० मीटरच्या आसपास म्हणजे चढउताराचा आणि १५०० मीटरच्या पुढे म्हणजे डोंगराळ मार्ग समजावा.

आलेखात एखादा सुळका दिसला की लगेच घाबरू नये. उंचीची आधारमाहिती बहुधा काही दशक मीटरांच्या चौकटींची असते. दरीवरचा पूल असेल तर ती दरीच्या तळाची उंची धरते, आणि बोगदा असेल तर वरच्या डोंगराची. त्यामुळे आलेखावर २०० मीटरच्या अंतरात ६० मीटर खाली जाऊन पुन्हा वर येणारी खाच दिसते, प्रत्यक्षात तिथे सपाट पूल असतो. अशा प्रत्येक खाचेशी नकाशावर जाऊन खात्री करावी.

कमाल चढ किती टक्के हा आकडा फारसा कामाचा नाही. सर्वांत अवघड सलग एक किमी किती टक्क्यांचा आहे हे पाहावे आणि मग स्वतःचा सर्वांत हलका गियर तपासावा. पुढच्या चक्रीला ३४ दात आणि मागच्या चक्रीलाही ३४ दात असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.१ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी साडेसात किमी. सायकलसह एकूण वजन ८५ किलो असेल तर आठ टक्के चढावर एवढ्यासाठी सुमारे १५० वॉट लागतात. मागे २८ दातच असतील तर तितक्याच फेऱ्यांना १८० वॉटच्या पुढे जावे लागते. दमश्वासाच्या सरावात ज्याने १५० वॉटच्या आत राहायचे ठरवले आहे, त्याच्यासाठी तो चढ त्या गियरवर चुकीचा आहे, मग ठिकाण कितीही सुंदर असो.

मोठा चढ एरवी पहिल्या दोन तृतीयांश भागात संपावा. मुख्य राइडमध्येच तो शेवटी येणार असेल तर सरावातही एकदोनदा शेवटी ठेवावा.

## ७. पाणी आणि माघारीच्या वाटा

तासाला साधारण ५०० ते ७५० मिलीलीटर पाणी धरावे, कडक उन्हात त्याहून जास्त. ७५० मिलीलीटरच्या दोन बाटल्या दोन ते तीन तास पुरतात. म्हणून पाण्याच्या दोन जागांमध्ये दोन तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये. "वेळ" म्हटले आहे, अंतर नव्हे: सपाटीवर दोन तासांत ५० किमी होतात, घाटात २० सुद्धा होत नाहीत, आणि पाणी घाटातच जास्त लागते. नकाशावर दुकान दिसणे पुरेसे नाही. आपण पोहोचू त्या वेळी ते उघडे असते का ते पाहावे.

दर २५ ते ३० किमीला माघारीची एक वाट ठरवावी. ती घराकडे जाणारा आखूड रस्ता असेल, सायकल नेऊ देणारी रेल्वे किंवा बस असेल, किंवा गाडी घेऊन येणाऱ्या माणसाला सहज सापडेल असा चौक असेल. मोबाइलला रेंज नसलेला पट्टा माहीत असेल तर त्याच्या अलीकडे थांबून घरी कळवण्याची जागा मार्गातच टिपून ठेवावी.

सावध: माघारीची वाट फक्त मनात ठेवू नये. थकलेल्या अवस्थेत नकाशा वाचणे जमत नाही.

## ८. मार्ग आखणे आणि फाइल तयार करणे

मार्ग आखणारे ॲप दोन बिंदूंमधला रस्ता स्वतःच निवडते. त्याला मोकळे सोडले की ते पदपथावरून, सोसायटीच्या आतून किंवा शेताच्या बांधावरून नेते. म्हणून बिंदू जवळजवळ द्यावेत आणि आखणी झाल्यावर प्रत्येक वळण मोठे करून पाहावे. नेहमी सापडणारा दोष असा: दुभाजक असलेल्या रस्त्यावर बिंदू चुकून पलीकडच्या बाजूला पडतो, आणि ॲप त्या बिंदूला शिवण्यासाठी पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत येते. दुरून रेघ एकच दिसते. जवळून पाहिल्यावर तिथे दोन समांतर रेघा दिसतात आणि एकूण अंतरात दोन-तीन किमी उगीच वाढलेले असतात.

आखलेला मार्ग सायकलवरच्या जीपीएस यंत्रात घालण्यासाठी जीपीएक्स फाइल वापरतात; तिच्यात बहुधा रस्त्याची केवळ रेघ असते. वळणाच्या सूचना मिळतील की नाही हे यंत्रावर अवलंबून राहते. निघण्यापूर्वी फाइल यंत्रात उघडून सूचना येतात का ते घराभोवतीच पाहावे. एकाच रस्त्याने जाऊन परत येणार असल्यास जाण्याची आणि येण्याची फाइल वेगळी करावी, कारण एकावर एक पडलेल्या रेघांत यंत्र दिशा चुकू शकते. नकाशा इंटरनेटशिवाय चालेल अशा रीतीने आधीच उतरवून घ्यावा.

मुख्य वळणे, पाणी आणि माघारीच्या वाटा किलोमीटरच्या आकड्यांसह एका कागदी चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवाव्यात. बॅटरी संपते, चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत असली की पावसातही वाचता येते. मार्ग आणि परतीची वेळ घरच्या एका माणसाकडे द्यावी.

## ९. पूर्ण राइडआधी चाचणी, राइडनंतर नोंद

ज्या भागाची खात्री नाही तेवढाच भाग आधी एखाद्या छोट्या राइडमध्ये पाहून घ्यावा. संपूर्ण मार्ग नवा असलेला दिवस लांब राइडचा दिवस नसावा. निदान निम्मा रस्ता ओळखीचा असावा.

राइडनंतर त्याच दिवशी तीन गोष्टी लिहाव्यात: कुठे पेडल थांबवावे लागले, कुठे जीव मुठीत धरावा लागला, आणि ठरवलेला जोर कुठे ओलांडला गेला. पहिल्या आणि शेवटच्या तृतीयांश भागातील सारख्या चढाचे किंवा सारख्या सपाट रस्त्याचे तुकडे घेऊन हृदयाचे ठोके आणि वेग ताडून पाहावेत. वेग तोच आणि ठोके बरेच वाढलेले असतील, तर मार्ग लांब झाला होता, सुरुवात जोरात झाली होती किंवा पाणी कमी पडले होते. यांपैकी काय ते पाण्याच्या नोंदीवरून आणि पहिल्या तासाच्या वेगावरून बहुधा कळते.

दोष असलेला तुकडा त्याच आठवड्यात फाइलमधून बदलावा. पुढच्या वेळी लक्षात राहील म्हणून सोडलेला तुकडा पुढच्या वेळीही तसाच येतो. फाइलच्या नावात अंतर, चढ, फिरण्याची दिशा आणि तो मार्ग कोणत्या वाऱ्याला चालतो हे लिहावे, म्हणजे पश्चिमेचा वारा सुटलेल्या दिवशी कोणती फाइल उघडायची हे यादीवरूनच कळेल.